‘अजून खोल जा, पाणी लागतंच’ : एका फॉरवर्डला उत्तर

होळी झाली की एक मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरायला लागतो. भावकीचा ग्रुप असो, शेतकरी गट असो की शहरातली सोसायटी, शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, पण मजकूर तोच. जमिनीखाली मोठमोठ्या नद्या वाहतात, तीच पाताळगंगा. दोनशे फुटांवर पाणी नाही लागलं तर हिंमत सोडू नका, आठशे-हजार फुटांवर लागतंच. जागा पाणाड्याला, म्हणजे हातावर नारळ किंवा फांदी धरून पाण्याची जागा सांगणाऱ्याला, दाखवा. वराहमिहिराने हे शास्त्र दीड हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. खोलचं पाणी कधी आटत नाही आणि बाटलीतल्या पाण्यापेक्षा शुद्ध असतं. तुमच्या जमिनीखालचं पाणी तुमचंच, कुणाला विचारायची गरज नाही. आणि शेवटी ठरलेली ओळ : सरकार हे तुम्हाला सांगणार नाही, पुढे पाठवा.

सकाळच्या सुविचारासारखा हा मेसेज असता तर सोडून दिला असता. पण याच्या भरवशावर लोक दागिने गहाण टाकून बोअर मारतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘जमिनीखाली नद्या वाहतात’

जगात काही ठिकाणी वाहतात, हे खरं. चुनखडीचा खडक पाण्यात विरघळतो, त्यात गुहा तयार होतात आणि त्या गुहांमधून खरोखर प्रवाह जातात. मेघालयात अशा गुहा आहेत. महाराष्ट्राच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त भूभागाखाली मात्र चुनखडी नाही, बेसाल्ट आहे, म्हणजे आपला काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, ते थिजून हा दगड झाला. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट, वरचा भाग बुडबुड्यांच्या छिद्रांचा, ज्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मधे कुठे कुठे गेरूची तांबडी पट्टी.

या रचनेत पाणी कुठे राहतं? वरच्या मुरमात, झिजलेल्या खडकात, भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यात. घट्ट पाषाणात जवळजवळ काहीच नाही. झिजलेल्या बेसाल्टचा शंभर लिटर मावेल एवढा तुकडा घेतला तर त्यातून निथळून हाती येणारं पाणी साधारण एक ते तीन लिटर. आपल्या पायाखाली नदी नाही. चिरा गेलेल्या भिंतीत ओल असावी, तसं हे पाणी आहे.

‘दोनशेला नाही तर हजारला लागेल’

सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच.

गाडी येते ती बहुधा रात्री. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची असण्याचा संभव मोठा, कारण देशातल्या बोअरच्या गाड्यांचं ते माहेरघर. कॉम्प्रेसर सुरू झाला की अर्धं गाव जागं. आधी मुरमाचा पिवळट चुरा वर येतो, मुरूम संपेपर्यंत केसिंग, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून घातलेला पाइप, बसतं, मग काळी भुकटी. दर दहा-वीस फुटांना भुकटीची मूठ बाजूला काढून ओळीने ठेवतात. मधेच गेरू लागला की ढीग तांबडा होतो आणि बांधावर बसलेल्यांच्या माना वर होतात, कारण गेरूच्या आसपास सांधा असतो आणि सांध्याला पाणी असू शकतं. ते पहिल्या दीड-दोनशे फुटांत नाही लागलं तर पुढे काळ्या भुकटीचा नुसता धुरळा. आणि नेमक्या त्याच वेळी एजंट म्हणतो, ‘एवढं केलंय तर अजून शंभर फूट बघू या.’ तीनशे फुटांच्या पुढे फुटाचा दर चढत जातो, हे त्याने आधी सांगितलेलं असतं. फक्त ते त्या वेळी कुणाला आठवत नाही.

खोल गेल्यावर शक्यता वाढायला हवी, असं आपल्याला वाटतं. बेसाल्टमध्ये उलटं होतं. वरचा दगड ऊन, पाऊस आणि मुळांनी फुटलेला असतो. जसजसं खाली जावं तसतशा वरच्या वजनाने भेगा मिटत जातात. खोल सांधा सापडतच नाही असं नाही. कधी चारशे, कधी सहाशे फुटांवर पाणी लागतं, आणि त्या एका बोअरची गोष्ट तालुकाभर होते. फेल गेलेल्या बोअरची गोष्ट कोण सांगणार? त्यांच्या तोंडावर दगड ठेवलेला असतो.

आणि समजा लागलं. ते पाणी नवीन असतं का? केसिंग फक्त मुरमापुरतं असतं, त्याखाली भोक उघडं. त्या उघड्या भोकाने वरच्या थराचं पाणी खाली उतरायला वाट मिळते. शेजारच्या विहिरीला चाळीस फुटांवर जो झरा होता, तो पुढच्या उन्हाळ्यात बंद पडला की मग शेजारी विहिरीच्या पोटात आडवे बोअर मारतो. तेही आटले की बांधाजवळ उभं बोअर, तुमच्यापेक्षा शंभर फूट जास्त. पाणी तेवढंच राहिलं, फक्त आधी ज्याच्या विहिरीत होतं त्याच्याकडून ज्याच्याकडे पैसा होता त्याच्याकडे गेलं. माझा या मेसेजवरचा खरा राग इथे आहे.

‘दोन इंच पाणी लागलं’ याचाही हिशेब कळायला हवा. इंच मोजतात ते त्रिकोणी खाचेतून वाहणाऱ्या पाण्याच्या उंचीवरून. एक इंच म्हणजे तासाला साधारण पाचशे लिटर, पण दोन इंच म्हणजे हजार नव्हे, तीन हजारांच्या आसपास. शिवाय कॉम्प्रेसर जे फेकतो ते भेगेत साठलेलं पाणी असतं. भेग परत किती वेगाने भरते, हे मोटर काही तास सलग चालवून पातळी किती उतरते ते पाहिल्याशिवाय कळत नाही. ही चाचणी न करता त्या रात्रीच्या कारंज्यावर ठिबकचा आणि उसाचा खर्च ठरवणारे लोक मी पाहत आलोय.

खानदेशातले वाचक इथे म्हणतील, आमच्याकडे लागतं की खोल. बरोबर आहे. तापी आणि पूर्णेच्या खोऱ्यात पाषाणावर गाळाचा जाड थर आहे, त्यात वाळूचे पट्टे आहेत, आणि वाळू बेसाल्टच्या कित्येक पट पाणी धरते. रावेर-यावलची केळी त्याच पाण्यावर उभी राहिली. पण उपसा भरणीच्या पुढे गेला, पातळी घसरत गेली, ट्यूबवेल वर्षागणिक खोल करावे लागले आणि हे तालुके अतिशोषित पाणलोटांच्या यादीत गेले. त्याच गाळाच्या पूर्वेकडच्या भागात, अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, खोल गेलं तर पाणी मिळतं आणि ते खारट निघतं.

लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी न्यावं लागलं. त्याआधी पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. लातूर जिल्ह्यात बोअरची कमी होती, असं तिथला माणूस तरी म्हणणार नाही. पाताळगंगा असती तर ती तेव्हा कुठे गेली होती?

‘पाणाड्याला दाखवा, वराहमिहिराने सांगितलंय’

वराहमिहिराने खरंच लिहिलंय. त्याच्या बृहत्संहिता या ग्रंथात भूजलावर एक अख्खा अध्याय आहे. पण त्यात तळहातावर उभा राहणारा नारळ नाही. त्यात उंबर, जांभूळ अशी झाडं आहेत, वारुळं आहेत, मातीचा रंग आहे, म्हणजे निरीक्षण आहे. आणि खोली सांगितली आहे ती ‘पुरुष’ या मापात, हात वर केलेल्या माणसाच्या उंचीएवढ्या. मरुभूमीचा भाग सोडला तर बहुतेक ठिकाणी दोन, तीन, पाच पुरुष. फुटांत मोजलं तर पंधरा ते चाळीस. हजार फुटांच्या बोअरला या ग्रंथाची साक्ष काढणं म्हणजे त्या बिचाऱ्यावर अन्याय आहे.

राहिला नारळ आणि वाय आकाराची फांदी. जर्मनीत म्युनिकजवळ एका कोठारात १९८०च्या दशकात यावर मोठा प्रयोग झाला. तळमजल्यावर पाण्याचा पाइप हवा तिथे सरकवायचा आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्याने तो कुठे आहे ते सांगायचं. शेकडो जणांमधून निवडलेले ४३ पाणाडे, आठशेहून जास्त चाचण्या. प्रयोग करणाऱ्यांना काही जण अचूक वाटले. पण दुसऱ्या शास्त्रज्ञाने तीच आकडेवारी नीट तपासली तेव्हा अंदाजपंचे सांगण्यापेक्षा वेगळं काही हाती लागलं नाही.

आमच्याकडचे जुने पाणाडे यशस्वी व्हायचे, ते ओढ्याचा काठ, हिरवी राहणारी बाभूळ, उताराचा खोलगट भाग ओळखून. नारळ हा त्या ज्ञानावरचा मुलामा. आणि चाळीस फुटांवर पाणी असलेल्या गावात तुम्ही डोळे बांधून काठी फेकली तरी दहात सहा-सात वेळा विहिरीला पाणी लागायचं.

‘खोलचं पाणी आटत नाही’

याला पुरावा म्हणून हमखास शाळेजवळचा हापसा पुढे केला जातो. ‘बहात्तरच्या वेळचं बोअर, आजवर आटलं नाही.’ तो का आटला नाही, ते बघा. हापसा मिनिटाला बारा लिटरच्या आसपास पाणी देतो, तेही कुणीतरी हात मारला तर. देशभर पोचलेल्या इंडिया मार्क टू या हापशाची मूळ रचना सोलापूरची. तो पिण्याच्या पाण्यासाठी होता आणि माणसाचे हात दुखतात हीच त्याची मर्यादा होती. त्याच भोकात पाच एचपीची सबमर्सिबल सोडली तर ती त्याच्या दसपट पाणी सहज ओढते, लाइट असेपर्यंत, न थकता. बदलला तो उपसा. दगड तोच आहे.

आता एका एकराचा हिशेब मांडू. पाऊस ७०० मिलिमीटर धरला तर एकरावर सुमारे २८ लाख लिटर पाणी पडतं. त्यातलं बेसाल्टमध्ये मुरतं दहा टक्क्यांच्या आसपास, कमीही असू शकतं. म्हणजे २.८ लाख लिटर. एका एकर उसाला पाटाने वर्षाकाठी २,००० मिलिमीटर, म्हणजे ८० लाख लिटर लागतं असं धरा. उसावर पडलेला सगळा पाऊस उसाच्याच कामी आला असं मानलं, जे कधी होत नाही, तरी ५२ लाख लिटर जमिनीतून काढायला हवं. एका एकर उसाने अठरा-एकोणीस एकरांवर मुरलेला पाऊस पिऊन टाकला. ठिबकने हा आकडा खाली येतो, पण अठराचा एक होत नाही. हे पाणी हजार फुटांवरून काढलं म्हणून त्याची भरणी वेगळ्या पावसाने होत नाही. उलट खोल भेगेपर्यंत पावसाचं पाणी पोचायला वेळ फार लागतो, त्यामुळे आज उपसलेलं तिथे कधी परत भरेल याची खात्री नाही.

शुद्धतेचं तर विचारू नका. पाणी दगडात जितका काळ राहतं तितके क्षार त्यात उतरतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडमधला किनवटचा पट्टा इथे बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड हा जुना आजार आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही पिण्याच्या पाण्याची शेवटची मर्यादा. त्यापेक्षा जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी दातांवर तपकिरी पट्टे येतात, मग सांधे आखडतात आणि हाडं वाकतात. आणि हे पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ असतं, चवीलाही गोड.

‘माझ्या जमिनीखालचं पाणी माझं’

हा मुद्दा साफ खोटा नाही, म्हणून जरा थांबतो. १८८२च्या इंग्रजी सुविधाधिकार कायद्यापासून जमीन ज्याची त्याला खालचं पाणी काढायचा हक्क आहे, हे आपल्याकडे रुळलेलं आहे. तो कायदा झाला तेव्हा पाणी काढायचं साधन मोट होती. पुढे महाराष्ट्राने १९९३च्या कायद्याने सार्वजनिक पाणवठ्याच्या ५०० मीटर आत नवीन विहीर घ्यायला परवानगी सक्तीची केली. मग २००९चा भूजल अधिनियम आला. त्यात ६० मीटर, म्हणजे दोनशे फुटांच्या आसपास, त्याहून खोल विहिरींवर बंधनं आहेत आणि बोअरच्या गाड्यांना नोंदणी लागते. अंमलबजावणी किती होते ते रात्री शिवारात फिरणाऱ्या गाड्याच सांगतील. पण ‘कुणाला विचारायची गरज नाही’ हे वाक्य कायद्यात बसत नाही.

हिवरे बाजारने तर कायद्याची वाट पाहिली नाही. तेव्हाचे सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने ग्रामसभेने शेतीसाठी बोअर मारायला बंदी घातली, ऊस आणि केळी नको असं ठरवलं, आणि दरवर्षी पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीला किती पेरायचं ते ठरवलं. अहिल्यानगर जिल्ह्यातलं, पर्जन्यछायेतलं गाव आहे ते. कोकणातलं नव्हे.

‘सरकार हे सांगणार नाही’

सांगतं, आपण विचारत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी तिचं कार्यालय असतं. राज्यभर तिच्या निरीक्षण विहिरी आहेत आणि त्यांची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. तुमच्या पाणलोटाचा वर्ग कोणता, सुरक्षित की अतिशोषित, हे तिथे कळतं. ग्रामपंचायतीने पत्र दिलं तर गावातल्या स्रोताच्या जागेसाठी भूवैज्ञानिक येऊन पाहणी करतो. तो नारळ आणत नाही, आणि ‘इथे मारू नका’ असंही सांगून जातो, त्यामुळे एजंटाइतका तो लोकप्रिय नाही.