दोन सुतांचं बॉनेट

बाकीच्या मोटारींचं बॉनेट म्हणजे नुसतं झाकण. स्टँडर्ड हेरल्डचं तसं नाही. तिचे दोन्ही मडगार्ड, हेडलाइट, सगळं तोंडच्या तोंड बंपरापाशी बिजागरीवर पुढं कलंडतं. इंजिन इतकं उघडं पडतं की पुढच्या चाकावर बूड टेकून प्लग काढता येतात. मद्रासला 1961पासून बनायला लागलेल्या या गाडीचं कौतुक ते हेच, आणि दुखणंही हेच. कारण एवढं मोठं तोंड मिटताना काचेखाली, डाव्या दाराशी आणि उजव्या दाराशी एकाच वेळी बरोबर बसावं लागतं. तीन ठिकाणी एकाच वेळी पटवून घेणं आमच्या ग्रामसभेलाही जमत नाही.

आमची हेरल्ड काकांची, दोन दारांची. भाचा तिला स्पोर्ट्स कार म्हणतो. आधी मी हसायचो. पण इंग्लंडातली स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार 1962 साली याच हेरल्डची चासी आखूड करून काढली आणि दोन्ही गाड्यांचा चेहरामोहरा इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीनं ठरवला, हे वाचल्यावर त्याला टोकायची सोय राहिली नाही. त्याची वरात हिच्यातूनच निघणार होती. मुहूर्त मे महिन्यातला.

"मामा, बाकी काई नाई, बॉनेटची फट तेवढी सारखी करून घ्या. फोटोत दिसते."

तेवढी! डावीकडे करंगळी जायची. उजवीकडे त्याचीच लग्नपत्रिका सरकवून पाहिली तर तीही जाईना. तिथला रंग दारावर घासून खालचं लोखंड दिसायला लागलं होतं. दोन्हीकडे दीड-दोन सूत जागा हवी, असं मिस्त्रीचं म्हणणं. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. मिस्त्री आर्वी तालुक्यातल्या यच्चयावत ट्रॅक्टरांचा डॉक्टर. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर थाप मारली आणि चटका बसून हात झटकला. ऊन पंचेचाळीसचं होतं.

"सर, हे इथून बिघडलं नाई. मांगून बिघडलं."

पटायला वेळ लागला, पण माणूस बरोबर होता. आधी दार मागच्या खांबाशी नीट बसलं पाहिजे, मग त्या दाराला धरून बॉनेट. आमच्याकडे सगळे उलटं करतात. बॉनेट ओढूनताणून दाराला आणून भिडवतात आणि खटक्यानं आवळतात. हेरल्डला दाराच्या पुढे, दोन्ही अंगांना खाली एकेक खटका असतो. त्याचं काम बसलेलं बॉनेट धरून ठेवणं, न बसलेल्याला बसवणं नव्हे. पण गावातल्या प्रत्येक हुशार माणसानं येऊन आधी तो खटकाच आवळून पाहिला.

प्रेक्षकांची कमी नव्हती. शेजारचे काकाजी तर खुर्ची घेऊनच आले. "रस्त्यानं उघडलं तं काचेवर येईन न हे!" अशी त्यांना काळजी. बिजागरी पुढं असल्यानं वारा उलट दाबून धरतो, असं मी समजावलं. "मंग फिट करून कायले राह्यले?" म्हणाले. खडखडीसाठी, काकाजी. चाळीसच्या वर वेग गेला की गाडीत शेजारच्या माणसाशी खुणांनी बोलावं लागायचं.

बिजागरीचे बोल्ट बंपरामागे, खालून. भोकं लांबट असतात, बोल्ट ढिले केले की बॉनेट वर-खाली, पुढं-मागं सरकवता येतं. म्हणजे पुस्तकात येतं. मिस्त्री जमिनीवर उताणा झाला आणि कळलं की बाराचा पाना जात नाही, तेराचा फिरून जातो. गाडी इंची! मग काकाजींच्या कोठ्यातून त्यांच्या जुन्या मॅसी ट्रॅक्टरची पेटी आली आणि त्यात अर्ध्या इंचाचा पाना निघाला. त्या क्षणापासून काकाजी प्रेक्षक राहिले नाहीत, भागीदार झाले.

"डावं उचला. अबे हळू ना! उजवं दाबा. जाऊ द्या, सोडा."

डावीकडे जमलं की उजवीकडे दारावर चढायचं. उजवीकडे उतरवलं की काचेखाली तोंड वासायचं. शेवटी मिस्त्रीनं पुढून जॅक लावला आणि काय सांगू, दोन्हीकडे दोन-दोन सूत, आखल्यासारखं. पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. जॅक काढला, गाडी चाकावर आली आणि करंगळी परत आत.

गाडी चाकांवर आणि सपाट जागी उभी असतानाच हे काम करायचं असतं. आता आमच्या भागात सपाट जागा आणायची कुठून? काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माझ्या अंगणातल्या फरशा एकमेकींकडे पाठ करून बसल्यात, आणि रस्त्याच्या लाटा तर सगळा तालुका भोगतो. त्याच लाटांनी इतकी वर्षं चासी पिळली होती.

"जिनिंगचा काटा!" काकाजी ओरडले.

कापसाचा हंगाम संपलेला, ट्रक तोलायचा काटा मोकळाच होता. हेरल्ड त्यावर चढवली. काटेवाल्यानं सवयीनं वजन पाहिलं, सुमारे आठ क्विंटल, आणि सवयीनंच विचारलं, "ओल किती धरू?"

काम मात्र तिथंच झालं. आधी दारं. मग काचेखालचे रबरी टेकू, ज्यांच्यावर बॉनेट मागून विसावतं. जुने वाळून दगड झाले होते. मिस्त्रीनं माझ्या स्लिपरा मागितल्या, चाकूनं टाचेतून गोल काप काढले, लावले. एक बाजू अजून खालीच. काप हातात घेऊन शेजारी-शेजारी धरले तर डाव्या स्लिपरचा काप पातळ. "सर, तुमी डाव्या पायावर जास्त भार देता," मिस्त्री म्हणाला आणि दुसरी जोडी बोटाकडून कापली. मी अनवाणी उभा होतो, तेही मेमधल्या लोखंडी काट्यावर, त्यामुळे दोन्ही पायांवर सारखाच भार देत होतो. शेवटी बिजागरी आवळली, खटके हलक्या हातानं लागले. पत्रिका चार घड्या करून फिरवली, ती दोन्हीकडून अडखळल्याशिवाय गेली.

वरातीच्या दिवशी सजावटवाल्यानं झेंडूच्या माळा अशा काही ताणल्या की बॉनेट कुठं संपतं आणि दार कुठं सुरू होतं ते दिसेना. फोटोचा प्रश्न सुटला. पण वरातीची चाल, बँडवाले दर चार पावलांनी थांबणार, आणि रेडिएटर नवरदेवाआधी तापला. वाफ निघाली तशा माळा कापल्या, खटके सोडले, आणि बॉनेट कलंडलं ते थेट बँडवर. ढोलवाला वेळेवर सरकला म्हणून बरं. पाणी ओतलं, गाडी निवेपर्यंत नाच झाला, आणि मिस्त्रीनं सगळ्यांना थांबवून एका हातानं बॉनेट मिटवलं. खट्ट, खट्ट. एकही ओरखडा नाही.

नवरीचे काका जवळ आले. वाकून, बोट फिरवत, फट या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. माझी छाती फुगली.

"बाकी गाडी मस्त हाय जी. ही फट तेवढी राह्यली. सिलिकॉन मारून बुजवून घ्या."

मिस्त्रीनं हात पुसले. "मारतो न जी. आधी तुमच्या नव्या गाडीची बुजवून देतो. कुठी उभी हाय?"