लिंकवर स्वतःचं नाव? छे, छे!

ऑनलाइन धंदा करताय ना? मग ग्राहकाला पाठवायच्या लिंकमध्ये स्वतःचं नाव चुकूनही येऊ देऊ नका. उगाच ओळख पटते. त्यापेक्षा लिंक आखूड करून देणाऱ्या एखाद्या फुकटच्या सेवेवरून, मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यावर उमटतील तशी सात अक्षरं घ्या आणि द्या पाठवून. समोरच्यानं आधी बुचकळ्यात पडावं, मग बँकेचा 'अनोळखी लिंक उघडू नका' हा मेसेज आठवावा आणि तरीही केवळ तुमच्यावरच्या मायेपोटी बोट टेकवावं. ग्राहकाची निष्ठा अशीच तर पारखतात!

मोठ्या कंपन्यांना हे कळत नाही. नावाचीच आखूड लिंक व्हावी म्हणून यूट्यूबनं बेल्जियमच्या वेबपत्त्यांचं 'डॉट बीई' हे शेपूट लावून घेतलं. न्यूयॉर्क टाइम्सनं तर माँटसेरात नावाच्या चिमुकल्या बेटाचं 'डॉट एमएस' शोधून काढलं. कशासाठी, तर वाचणाऱ्याला आधीच कळावं की आपण कुठे चाललोय. मग गंमत ती काय राहिली?

(शेपूट कुठल्या देशाचं, हेही बघत बसू नका. २०१० साली लिबियानं 'डॉट एलवाय'वरच्या एका लिंकसेवेचं डोमेन, म्हणजे वेबपत्त्याचं नावच, काढून घेतलं होतं. पण तुमच्याकडे कोण बघतंय!)

फुकटची सेवा बंद पडली तर, असं घाबरट लोक विचारतात आणि गूगलच्या अशाच सेवेचा दाखला देतात. २००९ साली सेवा सुरू, २०१९ साली नव्या लिंका बंद, २०२४ साली घोषणा की पुढच्या वर्षीच्या ऑगस्टात जुन्याही बंद. ऐन वेळी लोकांची कुरकुर ऐकून वापरातल्या तेवढ्या जगवल्या. तोवर पत्रकं छापून वाटलेली, क्यूआर कोड खोक्यांवर चिकटलेले. डोमेन स्वतःचं असतं तर सेवा बदलून तेच पत्ते चालू ठेवता आले असते. पण वर्षाचं डोमेनभाडं वाचलं, ते नाही का मोजणार?

शिवाय फुकटच्या सेवेच्या डोमेनवर सोबत असते. तिथूनच भामटेही लिंका सोडतात, त्यामुळे स्पॅमच्या चाळणीत तुम्ही आणि ते शेजारी शेजारी.

क्लिकचे आकडे मात्र अहवालात ठळक छापा. मेलमधल्या अशा लिंकवर बेधडक क्लिक करणारी बरेचदा ईमेलची तपासणी-यंत्रंच असतात, माणसानं अजून मेल उघडलेलीही नसते. साहेबांनी विचारलंच तर सांगा, पहिल्याच मिनिटात तुफान प्रतिसाद!