आईच्या नंबरावर डायपर

मागच्या दिवाळीत नागपूरला आलो होतो तेव्हा धरमपेठेतल्या एका दुकानातून मित्राच्या बाळासाठी झबली-टोपडी घेतली, काउंटरवरच्या पोरीने मोबाईल नंबर मागितला, माझा जर्मनीचा नंबर त्यांच्या मशीनमधे बसेना म्हणून आईचा दिला. झालं. तेव्हापासून माझ्या ७४ वर्षांच्या आईला डायपरच्या ऑफरी येऊन राहिल्यात. शेजारच्या काकूंना वाचून दाखवल्या, दोघी हसून हसून बेजार.

पण माझा भाचा नेमकं असंच सॉफ्टवेअर बनवतो. गायत्रीनगरच्या आयटी पार्कात त्यांचं स्टार्टअप, दुकानांची बिलं, ॲपवरचे क्लिक, परत आलेला माल, सगळा डेटा एका जागी ओतायचा अन प्रत्येक गिऱ्हाईकाचं प्रोफाइल करायचं, मग कोणाला काय दाखवायचं ते मशीन ठरवणार. त्याला विचारलं, काहून बे असं होते? तर म्हणे मामा, सिस्टीमसाठी एक नंबर म्हणजे एक माणूस.

आता आमच्या घरी एकाच नंबरावर गॅस, बाबांच्या बीपीच्या गोळ्या, ताईच्या साड्या अन माझी झबली. म्हणजे मशीनला दिसते ती बाई गोळ्या खाते, पैठण्या घेते अन बाळंतपणाच्या तयारीत आहे! इतवारीतल्या आमच्या साडीवाल्याचा असा घोळ कधी झाला नाही, तो आधी विचारायचा, वहिनी, कोणासाठी दाखवू?

फॅमिली ग्रुपवर मात्र वाद वेगळाच. लोकांची खाजगी माहिती जपायच्या आपल्या २०२३ च्या डेटा कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मधे निघाले तेव्हापासून एक पार्टी म्हणते २५० कोटींपर्यंत दंड, आता आपली स्टार्टअपवाली पोरं मेली, दुसरी म्हणते युरोपसारखा कडकपणा पाहिजे, अन दोघांना साक्षीला मी लागतो. इकडे जर्मनीत २०१८ पासून जीडीपीआर, म्हणजे युरोपचा डेटा कायदा, आहे अन तरी मीपण दर वेबसाइटवर न वाचता 'सगळं मान्य' दाबतो, त्यामुळे फार कौतुक नका करू. मला फरक दिसतो तो काउंटरवर. म्युनिकमधे पेबॅक कार्ड (खरेदीवर पॉइंट जमा करायचं) आहे का विचारतात, नाही म्हटलं की विषय संपला. आपल्याकडे नंबराशिवाय बिलच निघत नाही म्हणतात, सक्ती करू नका असं ग्राहक मंत्रालयाने मे २०२३ मधेच सांगून ठेवलं तरी. अन जबरदस्तीने घेतलेला नंबर कोणाचाही असतो ना, लोक बायकोचा देतात, जुना बंद पडलेला देतात, मनातला कुठलाही दहा आकडी ठोकून देतात, त्यावर कितीही भारी मॉडेल बसवा. कायद्याने नाही मरत स्टार्टअप, या कचऱ्याने मरते, असं माझं मत. ज्याने राजीखुशीने नंबर दिला त्याचा डेटा थोडा असेल पण खरा तर असेल.

भाच्याला म्हटलं बिलाच्या स्क्रीनवर 'कोणासाठी?' एवढं एक बटण टाक. म्हणे क्लायंट ऐकत नाही, लाईन लांबते.

आईला म्हटलं ते मेसेज बंद करून टाकू का. तर म्हणे राहू दे, तुझ्या भाच्याच्याच बायकोला सातवा लागलाय, कूपन कामी येतील.