बाबा की बटाटा?

स्पॅनिशमधल्या ‘पापा’च्या पहिल्या ‘पा’वर जोर दिला तर मेक्सिकोत बटाटा, शेवटच्या ‘पा’वर दिला तर बाबा. आम्हा मराठी माणसांच्या तोंडी वडिलांची भाजी व्हायला वेळ लागत नाही. मराठीत जोराने अर्थ बदलत नाही. त्यामुळे ‘इथे जोर द्या’ म्हटलं की आम्ही स्वर दीर्घ करतो नाहीतर आवाज चढवतो, जणू समोरचा बहिरा आहे.

नियम तसे सरळ. शब्दाचे उच्चारात पडणारे तुकडे शेवटून मोजायचे. शब्द स्वराने, ‘एन’ने किंवा ‘एस’ने संपला तर जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर: का-सा, यात ‘का’वर. इतर व्यंजनाने संपला तर शेवटच्यावर: सिउ-दाद, यात ‘दाद’वर. जो शब्द हे मोडतो, त्याच्या जोराच्या स्वरावर तिरकी रेघ. ती दागिना समजून गाळू नये. ‘तेर्मिनो’त पहिल्या तुकड्यावर जोर असेल तर मुदत, मधल्यावर ‘मी संपवतो’, शेवटच्यावर ‘त्याने संपवलं’. काम कुणाच्या गळ्यात, हे एका रेघेवर ठरतं!

अनेकवचनात तर ही रेघ चक्क पळापळ करते. ‘एक्सामेन’वर नाही, ‘एक्सामेनेस’वर आहे, ‘कान्सिओन’वर आहे, ‘कान्सिओनेस’वर नाही. जोर जागचा हलत नाही, पण मागे एक तुकडा वाढतो आणि मोजणी बदलते.

पण तुकडेच चुकले तर मोजणार काय? इथे कानाचं ऐकावं, जोडाक्षराचं नाही. ‘पुस्तक’ लिहिताना ‘स्त’ एकत्र, बोलताना मात्र पुस्-तक, तसंच एस्-कुए-ला. ‘एस’ मागेच राहतो, कोन्स्-त्रुइर मध्येसुद्धा. कान फसतो तो ‘त्र’, ‘द्र’, ‘ब्ल’पाशी. ‘पुत्र’च्या सवयीने आम्ही माद्-द्रे म्हणतो, हवं असतं मा-द्रे, आ-ब्लार.

स्वरांत आ, ए, ओ हे बलवान. दोन सरपंच एका खुर्चीत मावत नाहीत, म्हणून पो-ए-ता. दुबळे इ आणि उ शेजारच्या स्वरात मिसळतात: बाइ-ले. जोर खुद्द दुबळ्यावर आला की तोही रेघ मिरवत वेगळा संसार थाटतो: पा-ईस, मा-री-आ.

एवढं पाठ झालं की समोर ‘आत्लेता’ येतो. स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी आत्-ले-ता, मेक्सिकोत आ-त्ले-ता, आणि स्पॅनिश अकादमीला दोन्ही मान्य.