कसर आणि सरस

पियानोला 88 पट्ट्या, म्हणजे हातोड्याही 88. जुना उभा पियानो घरात घेण्याआधी हे वाक्य कुणीतरी माझ्याकडून शंभरदा लिहून घ्यायला हवं होतं.

समोरची फळी काढली. तारांवर आपटून आपटून हातोड्यांच्या फेल्टला, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या टोपीला, चऱ्या पडलेल्या. एका पट्टीला जितक्या तारा तितक्या चऱ्या: खर्जाकडे एकेक-दोनदोन, पुढे तीनतीन. जिथे चरी नव्हती तिथे कसर लागलेली. तिने इतकं मन लावून खाल्लं होतं की उरलीसुरली कसर भरून काढायला मीच शिल्लक होतो.

सगळ्या हातोड्या नव्या बसवायच्या ठरल्या. जुनी हातोडी दांडीवरून सोडवायची तर आतला सरस ऊब देऊन सैल करावा लागतो. पहिल्या अकरा मी उत्साहात उपटल्या आणि ताटलीत ठेवल्या.

"नंबर टाकलेस का रे?" आईने विचारलं.

वरवर सगळ्या सारख्याच दिसतात हो! पण खर्जाच्या जाडजूड, पुढे बारीक होत जाणाऱ्या. शिवाय खर्जाच्या तारा इतर तारांवरून तिरप्या जातात, म्हणून तिथल्या हातोड्याही दांडीवर तिरक्या बसतात. किती तिरक्या, ते जुनी हातोडी सांगते. माझ्या साक्षीदारांची ताटलीत भेळ झाली होती.

मग टोकांना नमुन्यादाखल दोन नव्या हातोड्या बसवून मध्ये दोरा ताणला आणि बाकीच्या त्याच्या ओळीत लावायला घेतल्या. इथे सरस माझ्याहून सरस निघाला. गरम असेतो हातोडी कुठेही सरकते. मी एक डोळा मिटून ती सरळ आहे का हे ठरवतोय, तोवर हा थंड होऊन निकाल देऊन मोकळा. परिणामी एक पट्टी दाबली की दोन हातोड्या उठायच्या, एक कामाला आणि दुसरी तिच्या सोबतीला. कुठे तीन तारांपैकी दोनच वाजायच्या, तिसरी रुसलेली. पुन्हा ऊब, पुन्हा उपटणं. सेहेचाळिसावी मी चार वेळा बसवली. आता ती मला ओळखते.

अखेर सगळ्या बसल्या. नव्या फेल्टचा आवाज खणखणीत, म्हणजे स्टीलचं ताट पडावं तसा. तो मऊ करायला फेल्टला सुया टोचायच्या असतात. मी सुई उचलली तशी आई पुढे झाली.

"आण इकडे. टोचायची सवय मला जास्त आहे."