होय, ‘पीळ’ हा शास्त्रीय शब्द आहे

एक मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. मला तो चार गटांतून आला, त्यातला एक गट तर शिक्षकांचा. मजकूर थोडक्यात असा: ‘टॉर्शन’ला, म्हणजे वस्तू पिळली जाण्याला, मराठी शब्द नाही. ‘पीळ’ दोरीचा नि मिशीचा, त्यात शास्त्र नाही. टॉर्शन म्हणजे टॉर्कच (फिरवणारा जोर). तो यंत्रांपुरता, सामान्य माणसाला त्याच्याशी देणंघेणं नाही. तेव्हा मराठीतून तंत्रशिक्षणाचा हट्ट सोडा.

मी पदविकेच्या मुलांना स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स, म्हणजे कुठला पदार्थ किती जोर सोसतो हा विषय, शिकवतो. यातलं एकही वाक्य मला मान्य नाही.

‘पिळात शास्त्र नाही’ इथूनच सुरुवात करू. फळ्यावर लिहायचा खडू घ्या. दोन्ही टोकं चिमटीत धरा. ओढू नका, वाकवू नका, फक्त टोकं एकमेकांच्या उलट फिरवा. खडू तुटेल. आता तुटलेली जागा नीट पाहा. वाकवून मोडलेला खडू आडवा तुटतो. हा तसा तुटत नाही. याची तूट गोल जिन्यासारखी फिरत वर चढते, खडूच्या लांबीशी साधारण 45 अंशांचा कोन करून. पिळताना ओढणारा ताण त्या तिरक्या दिशेत सगळ्यात जास्त असतो आणि खडू ताणाला कच्चा, म्हणून तो तिथे उकलतो. प्रयोगशाळेत नरम पोलादाची कांडी पिळली तर ती बरेच फेरे सहन करते आणि शेवटी सुरीने कापल्यासारखी आडवी तुटते, कारण पोलाद ताणापेक्षा कातरण्याला आधी हार जातं. हे सगळं मी वर्गात ‘पीळ’ या शब्दाने सांगतो. आजवर कुणी मुलगा म्हणाला नाही की सर, शब्द कळला नाही.

दोर वळणाऱ्याला तर हे हाताने माहीत असतं. प्रत्येक पेड आधी एका दिशेने पिळायचा, मग तीन पेड एकत्र करून उलट दिशेने. प्रत्येक पेड उकलायला बघतो आणि त्या धडपडीतच दोर आवळला जातो. म्हणून दोर सुटत नाही. सूतगिरणीत इंचाला पीळ किती हे मोजतात, पिळाची दिशाही नोंदवतात. ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ ही म्हण आपण माणसाच्या ताठ्यावर वापरतो, पण ती मुळात जळलेल्या दोराच्या राखेकडे नीट बघूनच सुचलेली आहे.

आकडेच हवे असतील तर कुलोम या फ्रेंच अभियंत्याने 1784 मध्ये तारा पिळून नियम मांडला. पिळाचा कोन दुप्पट केला की तारेचा उलट फिरण्याचा जोर दुप्पट होतो. तार दुप्पट लांब घेतली तर तो निम्मा होतो, आणि दुप्पट जाड घेतली तर 16 पट. या नियमातला एकही शब्द मराठीत अडत नाही.

‘टॉर्शन म्हणजे टॉर्कच’ हे तर इंग्रजीतसुद्धा चूक आहे. टॉर्क हा फिरवणारा जोर. टॉर्शन म्हणजे त्या जोराने वस्तूच्या अंगात बसलेला पीळ. रिकामा रहाट मोकळा फिरवा, कण्याला पीळ जवळजवळ नसतो. भरलेली बादली ओढून घ्या, मुठीपासून दोरापर्यंतचा कणा पीळ खातो. आणि इंग्रजी नावानेच अर्थ नेमका होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी कपडे वाळत घालायचा चिमटा उघडून बघावा. त्यातल्या स्प्रिंगला टॉर्शन स्प्रिंग म्हणतात, पण तिची तार वाकते, पिळली जात नाही. बॉलपेनमधली साधी स्प्रिंग दाबली तर तिची तार मात्र खरोखर पिळली जाते.

एक गोष्ट मान्य करतो. एकट्या ‘पीळ’वर फार ओझं पडतं: क्रियाही तीच, कोनही तोच, सुताचे वेढेही तेच. म्हणून मी ‘पीळकोन’, ‘पीळकाटा’ (तारेच्या पिळावरून बारीक जोर मोजणारा काटा) असे जोडशब्द वापरतो, आणि टॉर्कला सरळ टॉर्क म्हणतो. त्याने मराठीला कमीपणा येत नाही.

आता ‘यंत्रांपुरता’. 1797-98 मध्ये कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने सुमारे 1.8 मीटर लांबीचा लाकडी दांडा तारेने टांगला, टोकांना शिशाचे छोटे गोळे लावले आणि शेजारी सुमारे 158 किलोंचे मोठे गोळे आणून ठेवले. हवेची झुळूक लागू नये म्हणून तो खोलीबाहेरून दुर्बिणीने बघत बसे. छोटे गोळे मोठ्यांकडे किंचित ओढले जात, तारेला तेवढाच पीळ बसे. त्यावरून त्याने पृथ्वीची घनता पाण्याच्या 5.48 पट काढली. आजचा आकडा 5.51 आहे. पृथ्वी तोलली गेली ती तारेच्या पिळावर.

शेवटी सामान्य माणूस. इंग्रजीत हा शब्द यंत्रांच्या आधी पोटातल्या कळांसाठी वापरला जात होता. आपला ‘मुरडा’ही मुरडण्यातूनच आला. पिळणे आणि पीडा यांचं मूळ एकच, संस्कृतातला ‘पीड्’, आणि ज्या लॅटिन धातूपासून टॉर्शन आलं त्यातूनच इंग्रजीतला छळाचा ‘टॉर्चर’ हा शब्दही आला. आतड्याला पीळ पडला, हे आपल्याकडे घरोघरी म्हणतात, डॉक्टरही म्हणतात.

असाच पीळ मुलग्यांच्या अंडकोषाला पडतो, बहुधा वयात येताना, कधी झोपेतसुद्धा. रक्त नेणारी नाळ पिळली जाते आणि रक्तपुरवठा थांबतो. मुलगा लाजेने ‘पोटात दुखतंय’ एवढंच सांगतो, उलट्या होतात, घरचे ओवा-हिंग देतात आणि तास निघून जातात. साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर अंडकोष बहुतेकदा वाचतो, नंतर ती आशा झपाट्याने कमी होते. अशा वेळी दवाखान्याच्या दारात ‘टॉर्शन आहे’ एवढंच ऐकून आईबाप गोंधळतात, सकाळी बघू म्हणतात. ‘पीळ पडलाय, रक्त थांबलंय, आत्ता उलगडावा लागेल’ असं सांगितलं तर त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.