गुंठ्याची नोटरी म्हणजे मालकी नव्हे

काल रात्री मावशीचा फोन आला. मावसभाऊ शनिवारी जमिनीसाठी दोन लाख इसार देतोय, तू एकदा बोल त्याच्याशी. त्याला विचारलं, कशाच्या भरवशावर? त्याने उत्तराऐवजी एक मेसेज पाठवला: 'पहिल्यांदा जमिनीत पैसे गुंतवताय? हे पाच नियम पाळा.' हा मेसेज मला याआधी तीन जणांनी पाठवलाय आणि तिन्ही वेळा मी गप्प बसलो. ती चूक झाली.

मेसेज सांगतो: एनएच्या, म्हणजे बिगरशेती करण्याच्या, भानगडीत न पडता शेतजमिनीतला गुंठा घ्या. नोटरी पुरते, स्टॅम्प ड्युटी वाचते. सातबाऱ्यावर नाव चढलं की मालकी पक्की. निम्मे पैसे रोख द्या. जमिनीचा भाव कधीच पडत नाही.

आधी नोटरीचं बोलतो, कारण माणसं बुडतात ती इथे. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लाल शिक्का बसला म्हणजे सह्या कोणी केल्या एवढंच साक्षांकित झालं. जमीन विकणाऱ्याची होती का, ती तुमची झाली का, याच्याशी त्या शिक्क्याचा संबंध नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम १७ सांगतं की शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेचा विक्रीदस्त नोंदवावाच लागतो. तरीही शंका असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा सूरज लॅम्प निकाल वाचा. साठेखत (विक्रीचा करार), कुलमुखत्यारपत्र, मृत्युपत्र असे कागद जोडून केलेल्या 'विक्री'ने मालकी जात नाही, ती नोंदणीकृत खरेदीखतानेच जाते, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. नोटरीवर जमीन घेणाऱ्याचं नाव सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या सरकारी यादीत, येत नाही. त्यामुळे तोच गुंठा उद्या दुसऱ्याला रीतसर खरेदीखताने विकला, तर शोध घेणाऱ्या वकिलाला तुम्ही दिसतच नाही. दहा लाखांच्या जमिनीवर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी मिळून लाखाच्या आत बसते. तेवढ्यासाठी दहा लाख टांगणीला लावायचे?

आता सातबारा. भावाने मला रंगीत नकाशा दाखवला, त्यात 'प्लॉट १४', पुढे नऊ मीटरचा रस्ता, कोपऱ्यात बाग. जागेवरचा फोटोही होता: कापलेल्या ज्वारीची धसकटं आणि त्यांवरून फक्कीने मारलेल्या रेघा. मग मी गट नंबर घेऊन सातबारा उघडला. सात नावं, क्षेत्र सामाईक. चौदा नंबरचा प्लॉट कुठेच नाही. रस्ता नाही, बागही नाही. उद्या याचं नाव आठवं लागलं तरी आपला तुकडा कोणता, हे सांगणारा एकही सरकारी कागद त्याच्याकडे नसेल. शिवाय सातबारा हा महसुलाचा अभिलेख आहे. फेरफाराने, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलण्याच्या नोंदीने, मालकी मिळत नाही, हे न्यायालयांनी कितीदा सांगितलंय.

आणि हा भाऊ शेतकरी नाही, त्याच्या नावावर कुठेच शेती नाही. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. घेतलीच तर व्यवहार अवैध ठरवून जमीन सरकारजमा करण्याची तरतूद आहे. मेसेजमध्ये याबद्दल एक ओळ नाही.

एक मान्य करतो. तुकडेबंदी, म्हणजे शेतजमिनीचे छोटे तुकडे विकण्यावरची बंदी, पूर्वीइतकी कडक राहिलेली नाही. बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, बागायतीला १० आणि जिरायतीला २० गुंठे झालंय, आणि २०२५ मध्ये शहरी हद्दीतल्या छोट्या तुकड्यांना सरकारने सवलत दिली. पण ही सवलत बघून खेड्यातल्या शिवारातला गुंठा सुटला, असा अर्थ कोणी काढू नये.

रोखीचं एका वाक्यात: स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, आणि व्यवहार फिसकटला तर दिलेली रोख तुम्ही कशाने सिद्ध करणार? भाव पडत नाही म्हणणाऱ्याने रस्त्याचं आरेखन बदललेल्या गावात जाऊन गिऱ्हाईक शोधून दाखवावं.

भावाला आज सकाळी एवढंच सांगितलंय: शनिवारी पैसे देऊ नकोस. मंजूर रेखांकनाची (प्लॉट पाडल्याच्या नकाशाची) आणि जमीन एनए झाल्याच्या कागदाची प्रत माग, महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्प आणि प्लॉटिंगवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक माग, तीस वर्षांच्या व्यवहारांचा सर्च रिपोर्ट आपल्या वकिलाकडून काढ, विकणाऱ्याच्या वकिलाकडून नको. त्याने एजंटला फोन लावला. एजंट म्हणाला, "कागद मिळतील, पण आधी इसार द्या."